नागपुरात क्सिनोमाव्रो: ग्रीसची लाल वाइन कशी निवडावी, जपावी आणि वाढावी

उत्तर ग्रीसमधील क्सिनोमाव्रो या काळ्या द्राक्षाची वाइन नागपुरात बसून नीट प्यायची असेल, तर दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्या लागतात. पहिली ही की, बाटली द्राक्षाचे नाव वाचून घेऊ नये, तिच्यावरचे गाव वाचून घ्यावी. हेच द्राक्ष वेर्मियो डोंगराच्या एका अंगाला कडक, तुरट आणि दोन-दोन दशके टिकणारी वाइन देते, आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या पठारावर गेले की त्याचीच फिक्या गुलाबी रंगाची, फेसाळ वाइनही होते. दुसरी गोष्ट आपल्या शहराची आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ वाढावी, ही सूचना थंड देशांतील जाड भिंतींच्या घरांसाठी लिहिली गेली. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे ती शब्दशः पाळल्यास उत्तम बाटलीचेही मातेरे होते. पुढे जे सांगितले आहे ते जवळपास सगळे या दोन गोष्टींतूनच निघालेले आहे.

द्राक्षाचा स्वभाव

क्सिनोमाव्रो हे ग्रीसच्या मॅसिडोनिया प्रांतातले मूळचे द्राक्ष. ते उशिरा पिकते. तोडणी साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते आणि नेमका त्याच काळात पाऊस आला, तर घड सडू लागतात किंवा रस पातळ राहतो. त्यामुळे एकाच उत्पादकाच्या दोन वेगवेगळ्या सालांच्या बाटल्यांत बराच फरक पडतो, आणि एका बाटलीवरून या द्राक्षाविषयी कायमचे मत बनवणे हा अन्याय ठरतो. वेलीची वाढ जोमदार असल्याने शेतकऱ्याने घड विरळ केले नाहीत, तर फळ पुष्कळ येते पण त्यात दम राहत नाही. जुन्या काळी या वाइनला जे कोरडे, रुक्ष असे नाव पडले होते, त्यामागे हेही एक कारण होते.

ग्लास तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरला, की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती रंगाची. क्सिनोमाव्रोच्या सालीत रंगद्रव्य कमी असते आणि जे असते ते फार काळ टिकत नाही. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या वाइनलाही कडेने विटकरी, क्वचित नारिंगी छटा दिसते आणि मधल्या भागातून खालच्या कागदावरची अक्षरे जवळजवळ वाचता येतात. गडद जांभळ्या शिराझची सवय असलेल्या माणसाला वाटते की ही पाणीदार असणार. पहिला घोट घेतल्यावर त्याचा गैरसमज दूर होतो. अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळल्या जातात तसा तुरटपणा आणि त्याच्या जोडीला जिभेच्या कडांना पाणी आणणारा आंबटपणा, अशी दुहेरी धार या वाइनला असते. रंग फिका, टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य भरपूर, आम्लता उंच: ही तिन्ही लक्षणे इटलीतील नेब्बिओलो या द्राक्षाशी इतकी जुळतात की जाणकार मंडळी या दोघांची तुलना केल्यावाचून राहत नाहीत. तुलना चुकीची नाही, पण वास वेगळा आहे. तरुण क्सिनोमाव्रोला स्ट्रॉबेरी आणि आलुबुखार यांच्याबरोबर टोमॅटोचा वास येतो. वय वाढले की उन्हात वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्हचा लगदा, तंबाखू, सुके आलुबुखार आणि सुकामेवा असे वास वर येतात. टोमॅटोची ही खूण लक्षात ठेवावी; जेवणाची जोडी ठरवताना तीच सर्वांत उपयोगी पडते.

चार गावे, चार बाटल्या

या द्राक्षावर उभी असलेली चार अधिकृत क्षेत्रे आहेत: नाउसा, अमीन्देओ, गुमेनिसा आणि रप्सानी. यांतील प्रत्येक नाव युरोपीय कायद्याने संरक्षित आहे. ठरवून दिलेल्या शिवारातील आणि ठरवून दिलेल्या द्राक्षांची वाइन असल्याशिवाय ते नाव बाटलीवर लावता येत नाही.

नाउसा हे त्यांतले सर्वांत मानाचे. वेर्मियो डोंगराच्या आग्नेय उतारावर, इमाथिया जिल्ह्यात हे शहर आहे. १९७१ मध्ये त्याला संरक्षित नाव मिळाले आणि ग्रीसमध्ये असे नाव मिळालेल्या पहिल्या क्षेत्रांत त्याची गणना होते. इथे लाल वाइन शंभर टक्के क्सिनोमाव्रोचीच असावी लागते आणि ती किमान एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते. बुतारी या घराण्याने १८७९ मध्ये इथेच आपला व्यवसाय सुरू केला. विसाव्या शतकातील रोगराई आणि युद्धे यांनी इथल्या बागा जवळपास संपल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या त्या साठ-सत्तरच्या दशकांत. त्याच घराण्यातील यानिस बुतारिस यांनी पुढे ‘किर-यानी’ ही स्वतंत्र वायनरी काढली आणि त्यानंतर ते २०११ ते २०१९ या काळात थेस्सालोनिकी शहराचे महापौरही होते. अलीकडच्या पिढीतील अपोस्तोलोस थिमिओपूलोस यांच्या नाउसामधील वाइन जगभर जातात. त्यांची ‘यंग व्हाइन्स’ या नावाची तरुण वेलींची वाइन आणि ‘अर्थ अँड स्काय’ ही भारदस्त वाइन शेजारी-शेजारी ठेवून चाखली, तर एकाच गावात, एकाच माणसाच्या हाताखाली हे द्राक्ष किती वेगळे वागू शकते ते कळते.

इथे एक सावधगिरी. एजियन समुद्रातील पारोस बेटावरही नाउसा नावाचे गाव आहे आणि पर्यटकांत तेच जास्त प्रसिद्ध आहे. पारोसची वाइन वेगळ्याच द्राक्षांची असते. सुट्टीवरून परतणाऱ्या नातेवाइकाला “नाउसाची आण” एवढेच सांगितले, तर भलतीच बाटली घरी येण्याची शक्यता आहे.

अमीन्देओ वेर्मियोच्या पश्चिमेला, फ्लोरिना जिल्ह्यात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते ७०० मीटर उंचीचे हे पठार, चार तळ्यांच्या सोबतीला वसलेले आणि ग्रीसच्या द्राक्षपट्ट्यांत सर्वांत थंड समजले जाणारे. माती वालुकामय आहे, आणि युरोपातील वेलींची मुळे खाऊन टाकणारा फायलोक्सेरा हा कीटक वाळूत नीट पसरू शकत नाही; म्हणून इथे कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या फार जुन्या वेली आजही आहेत. ‘आल्फा इस्टेट’ या वायनरीच्या एका बागेतील वेली १९१९ मध्ये लावलेल्या आहेत. थंडीमुळे इथली लाल वाइन नाउसापेक्षा हलकी आणि वासाने अधिक ताजी असते. पण अमीन्देओचे खरे वैशिष्ट्य असे की, १९७२ पासून संरक्षित असलेल्या या नावाखाली लाल वाइनबरोबर गुलाबी आणि फेसाळ गुलाबी वाइनही येतात. किर-यानीची ‘आकाकिएस’ ही त्यांतली सहज सापडणारी. नागपूरच्या माणसाने सुरुवात इथून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे जेवणाच्या भागात येतील.

गुमेनिसा पाइको डोंगराच्या पूर्व उतारावर आहे. तिथे क्सिनोमाव्रोत किमान वीस टक्के नेगोस्का हे दुसरे स्थानिक द्राक्ष मिसळतात. त्याने आम्लता थोडी खाली येते आणि रंग गडद होतो. रप्सानी मात्र मॅसिडोनियात नसून दक्षिणेला थेसाली प्रांतात, ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याच्या उतारांवर आहे. तिथली वाइन क्सिनोमाव्रो, क्रासातो आणि स्ताव्रोतो या तीन द्राक्षांची मिळून होते. नाउसाची तुरट धार ज्यांना झेपत नाही, त्यांनी रप्सानी घ्यावी. ती लवकर मऊ होते.

लेबल वाचताना

गावाचे नाव सापडले, की त्याच्या जवळ संरक्षित नावाची खूण आहे का ते पाहावे. निर्यातीच्या बाटल्यांवर ती बहुधा इंग्रजीत ‘पीडीओ’ अशी असते. ‘पीजीआय मॅसिडोनिया’ किंवा ‘पीजीआय फ्लोरिना’ असे लिहिले असेल, तर वाइन वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. नियम थोडे सैल आहेत आणि क्सिनोमाव्रोबरोबर मर्लो किंवा सिरा असे दुसरे द्राक्ष मिसळलेले असू शकते, एवढेच. शुद्ध क्सिनोमाव्रो शिकायची असेल, तर मिश्रण असलेली बाटली पहिल्यांदा घेऊ नये.

त्यानंतर गोडी पाहावी. नाउसा या नावाखाली कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), निम-कोरडी आणि निम-गोड अशा तिन्ही प्रकारच्या वाइनला परवानगी आहे. बाहेर येते ती बहुतेक कोरडीच. तरीही ग्रीसमधून कोणी आणत असेल, तर ‘क्सिरोस’, म्हणजे कोरडी, हा शब्द पाहून घ्यायला सांगावे. ‘रिझर्व्ह’ आणि ‘ग्रँड रिझर्व्ह’ या शब्दांना ग्रीसमध्ये कायद्याचा आधार आहे: वाइन पिंपात आणि बाटलीत अधिक काळ मुरवलेली असते, आणि ग्रँड रिझर्व्हला सर्वांत जास्त. साल पाहून हिशेब करावा. साधी नाउसा पाच वर्षांची झाल्यावर खुलते, चांगल्या उत्पादकाची दहा-पंधरा वर्षे सहज जाते. गुलाबी मात्र ताज्या सालाचीच घ्यावी. दुकानात तीन-चार वर्षे उभी राहिलेली गुलाबी वाइन सवलतीत मिळाली, तरी घेऊ नये.

बाटली नागपुरात आणणे

शहरातील दुकानांत ही वाइन शेल्फवर आयती मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आयात केलेल्या वाइनचे मोठे दुकान असेल, तर तिथे मागणी नोंदवून ठेवावी. नाहीतर मुंबई किंवा दिल्लीहून आणवावी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त बसतात. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि तो काढून ठेवणे हिताचे आहे.

मुंबईहून नागपूरला बाटल्या आणताना एक गोष्ट विसरली जाते. रेल्वेने या किंवा समृद्धी महामार्गाने या, वाट वर्ध्यातूनच जाते, आणि वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे. तिथून मद्य घेऊन जाण्याविषयीचे नियम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आधी समजून घ्यावेत आणि खरेदीची पावती जवळ ठेवावी. शंका असेल, तर विमानाने आणणे सर्वांत बिनघोर. कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात टाकावी. विमानाच्या बाजूने दुसरेही एक कारण आहे. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत बाटली आणली, तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते. वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, कडेने थोडी गळते आणि आत हवा शिरते. अशी बाटली ओळखणे सोपे आहे. बुचावरचे वेष्टण फिरवून पाहावे. ते मोकळेपणाने फिरत नसेल आणि काढल्यावर खाली चिकट, वाळलेली रेघ दिसली, किंवा बूच काचेच्या कडेच्या वर आलेले असेल, तर तिने ऊन खाल्लेले आहे. तिच्यात ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो. दुकानातून घेतलेली असेल, तर परत करावी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर मात्र दोष उन्हाचा नसून बुचाचा असतो. तीही परत करण्याजोगीच.

उन्हाळाभर जपायची कशी

वाइन साठवायला १२ ते १५ अंश तापमान, अंधार आणि स्थिरता हवी. आपल्या घरांत यांपैकी अंधार तेवढा फुकट मिळतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पलंगाखाली, देवघरामागच्या कोनाड्यात वाइन ठेवणारे लोक आहेत. हिवाळ्यात त्याने फारसे बिघडत नाही, पण मार्च उलटला की त्या जागाही तीस-पस्तीस अंशांच्या वर जातात. कूलरच्या खोलीचा आधार घेऊ नये. कूलर कोरड्या हवेतच काम करतो, रात्री बंद होतो, आणि पहिला पाऊस पडला की नुसता ओलावा वाढवतो. एसीची खोली रात्री २४ आणि दुपारी ३८, अशी रोज वर-खाली होत असेल, तर तीही बाटलीच्या दृष्टीने वाईटच. सततच्या चढ-उताराने बूच सैल होते.

दोन-चार महिन्यांसाठी घरचा साधा फ्रीज बरा. भाज्यांच्या कप्प्यात, किंवा सर्वांत खालच्या फळीवर, बाटली आडवी ठेवावी. चार-पाच अंशांत वाइन मुरत नाही, पण बिघडतही नाही. ४० अंशांच्या कपाटापेक्षा हे शंभर पटींनी चांगले. वर्षानुवर्षे ठेवायची असेल, तर वाइनचे स्वतंत्र कपाट घ्यावे लागते आणि तिथे नागपूरकराने एकच गोष्ट तपासावी. बाजारात स्वस्त मिळणारी, आवाज न करणारी थर्मोइलेक्ट्रिक कपाटे बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतात. खोली ४० अंशांवर गेली की ती वीस-बावीस अंशांवर अडकतात आणि अखंड चालत राहतात. कंप्रेसरचेच घ्यावे, पाठीमागे हवा खेळायला वीतभर जागा सोडावी, आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावे.

वाढताना

नाउसा आणि रप्सानी १६ ते १८ अंशांना, तरुण आणि ओकच्या पिंपात न मुरवलेली क्सिनोमाव्रो तसेच अमीन्देओची लाल वाइन १४ ते १६ अंशांना, गुलाबी ८ ते १० अंशांना आणि फेसाळ त्याहून थंड वाढावी. या आकड्यांमागे कारण आहे. वाइन गरम झाली की अल्कोहोल नाकात चढते, फळाचा वास दबतो आणि आंबटपणा सैल पडतो. उलट फार थंड केली तर टॅनिन कडवट लागते. क्सिनोमाव्रोत टॅनिन मुळातच भरपूर असल्याने फ्रीजमधून काढून थेट ओतणे ही तिच्या बाबतीत मोठी चूक ठरते, मर्लोसारख्या मऊ वाइनपेक्षा कितीतरी मोठी.

उन्हाळ्यात बाटली बाहेर होती असे समजले, तर दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत अर्धे पाणी, अर्धा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडते. बाटली आधीपासून फ्रीजमध्येच असेल, तर हिवाळ्यात पाऊण तास आधी आणि उन्हाळ्यात वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. अंदाजापेक्षा स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर बरा. एकदा ओतल्यावर ग्लासातली वाइन मे महिन्यात झपाट्याने गरम होते. म्हणून ग्लास भरू नये, दोन-तीन घोटांपुरतीच ओतावी आणि बाटली पुन्हा गार पाण्यात ठेवावी.

हवा देणे या वाइनला फार मानवते. तरुण नाउसा उघडून काचेच्या रुंद जगमध्ये ओतावी आणि तासभर, कडक वाटली तर दोन तास ठेवावी. तुरटपणाची धार बोथट होते आणि टोमॅटो-ऑलिव्हचे वास पुढे येतात. फक्त तो जग उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नये. झाकून फ्रीजमध्ये किंवा गार पाण्याच्या परातीत ठेवावा, नाहीतर एकीकडे टॅनिन सुधारते आणि दुसरीकडे वाइन कोमट होऊन जाते. पंधरा वर्षांच्या वरची बाटली असेल, तर ती आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग जेवणाच्या जरा आधी हळूहळू ओतावी आणि मानेत गाळ दिसू लागला की थांबावे. जुन्या वाइनला दोन तास हवा देण्याच्या फंदात पडू नये. तिचा वास तेवढ्यात उडून जातो.

सावजीबरोबर, आणि सावजीशिवाय

नागपुरात लाल वाइन म्हटली की पहिला प्रश्न सावजी मटणाचा येतो. उत्तर स्पष्ट आहे: नाउसा सावजीबरोबर देऊ नये. मिरचीचा दाह आणि अल्कोहोलची ऊब शरीराला एकाच मार्गाने जाणवते, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की झोंबणे वाढते; त्यावर टॅनिन लाळ सुकवून तोंड कोरडे करते, आणि घोट गिळल्यावर मागे राहतो तो कडवट जाळ. मटण बाजूला राहते, वाइनही बाजूला राहते. करून पाहायचेच असेल, तर ताटातल्या तर्रीत भाकरीचा तुकडा बुडवून खावा आणि लगेच तरुण नाउसाचा घोट घ्यावा. तिसऱ्या घोटाला माणूस आपणहून पाण्याचा तांब्या शोधतो.

याच ताटाबरोबर अमीन्देओची फेसाळ गुलाबी, चांगली थंड करून, अगदी वेगळी वागते. तिच्यात टॅनिन नाममात्र, अल्कोहोल बेताचे आणि आंबटपणा भरपूर असतो. तो तर्रीचा तेलकट थर कापतो आणि थंड फेस जिभेला विसावा देतो. खसखस, लवंग, दगडफूल हे सावजीतले खोलवरचे वासही मग ओळखू येतात, जे एरवी तिखटाच्या मागे लपतात. तिखट कमी करायला सांगितले, तर साधी गुलाबीही चालते. पाटवडीचा झणझणीत रस्सा आणि तर्री-पोहे यांनाही हाच नियम लागू करावा. अमीन्देओपासून सुरुवात करावी असे मी वर म्हटले ते यासाठीच. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्या हवेला आणि आपल्या रोजच्या तिखटाला तीच झेपते.

नाउसाला हवे असते धुराचे, भाजलेले, चरबी असलेले आणि बेताच्या तिखटाचे जेवण. पऱ्हाट्यांच्या विस्तवावर भाजलेल्या वांग्याचे वऱ्हाडी भरीत हे तिचे नागपुरातले सर्वोत्तम जोडीदार आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. भरितात हिरवी मिरची हात राखून घालावी, टोमॅटो आणि कांद्याची पात मोकळ्या हाताने; वरून कच्चे तेल, शेंगदाणे. भाजलेल्या सालीचा धूर वाइनमधल्या तंबाखूला आणि टोमॅटो टोमॅटोला भेटतो. तेलाने टॅनिन मऊ पडते. रोडगे आणि वांग्याची भाजी असेल, तर तेही या वाइनला शोभते. मांसाहारात बोकडाचे सुके मटण, ज्यात मिरीचा तिखटपणा मिरचीपेक्षा पुढे असेल, ते द्यावे; मिरी टॅनिनला मिरचीसारखी डिवचत नाही. खुद्द त्या मुलखातही हे द्राक्ष कोकराच्या आणि बकऱ्याच्या मांसाबरोबर, टोमॅटोत शिजवलेल्या पदार्थांबरोबरच प्यायले जाते, आणि अमीन्देओ ज्या जिल्ह्यात आहे तो फ्लोरिना भाजून खायच्या गोड लाल मिरच्यांसाठी सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे. आपल्याकडे लाल ढोबळी मिरची आचेवर काळी करून, साल काढून, तेल-मीठ लावून ताटात ठेवली, तर अमीन्देओच्या लाल वाइनला तिचे स्वतःचे माहेरचे जेवण मिळते.

वडा-भाताबरोबर रप्सानी चांगली लागते. डाळीचा तळलेला वडा भातावर कुस्करून वर फोडणीचे तेल घालतात, तेव्हा त्या तेलाला आणि डाळीच्या पिठूळपणाला आंबट वाइनची गरज असतेच, आणि रप्सानीचे टॅनिन मऊ असल्याने भात जड होत नाही. पावसाळ्यात जंगलपट्ट्यातून बाजारात येणारे टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, मिळाले, तर कांदा-लसणावर परतून जुन्या नाउसाबरोबर खावे. ही जोडी वर्षातून फार थोड्या दिवसांसाठी जमते, तेव्हा बाटली राखून ठेवावी. संत्रा बर्फी आणि बासुंदी यांच्याबरोबर यांतले काहीही देऊ नये. गोडाच्या पुढे कोरडी लाल वाइन नुसती आंबट आणि तुरट वाटते.

मोठी नाउसा उघडण्यासाठी डिसेंबर-जानेवारी हे आपले सर्वांत योग्य महिने. खोली वीस-बावीस अंशांवर असते, भरिताची वांगी आणि तुरीचे सोले बाजारात आलेले असतात, आणि बाटलीला बर्फाची गरज पडत नाही. मार्गशीर्षात गुरुवार पाळणाऱ्या घरांत मटण बंद असते, पण भरीत असतेच. हाती क्सिनोमाव्रो येईपर्यंत सराव करायचा असेल, तर सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेसे घ्यावी. द्राक्ष इटलीचे आहे, पण आंबट लाल वाइन टोमॅटोपुढे कशी वागते याचा अंदाज तिच्यावरून येतो.

उरलेली वाइन

अर्धी बाटली उरली, तर तिचे दुःख करण्याचे कारण नाही. भरपूर टॅनिन आणि आम्लता असलेली वाइन उघडल्यावर इतरांपेक्षा जास्त टिकते. बूच उलटे न घालता मूळ बाजूने घालावे, कारण बाहेरच्या टोकाला धूळ आणि हात लागलेले असतात. बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि तीन दिवसांत संपवावी. तरुण नाउसा दुसऱ्या दिवशी बहुधा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, म्हणून पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मुद्दाम एक ग्लासभर पिऊन बाटली ठेवून देण्याची युक्तीही वाईट नाही. फेसाळ वाइनला हे लागू नाही. ती त्याच बैठकीत संपवावी. चौथ्या दिवशीही काही उरलेच, तर ते मटणाच्या मॅरिनेडमध्ये दह्याऐवजी घालावे, रात्रभर मुरू द्यावे आणि शिजवताना टोमॅटो निम्मा घालावा, कारण आंबटपणा वाइनमधून आधीच आलेला असतो.